सांगून सोडलेली गाडी

गाडी विकायची ठरली तेव्हा तिला चारपैकी तीनच चाकं होती. चौथं चाक आमच्या खोलीत आईच्या खाटेखाली होतं आणि त्याच्या जागी विटांचा ढीग रचलेला होता. इंजिन शेडमध्ये लाकडी घोड्यावर, दारं भिंतीला टेकवलेली, पुढचे दोन दिवे पोटमाळ्यावर पापडाच्या डब्यांशेजारी. लालबागच्या त्या खोलीत आम्ही माणसं पाय पोटाशी घेऊन झोपायचो आणि विलायती गाडीचे दिवे मात्र मऊ फडक्यात गुंडाळून ऐसपैस पहुडलेले असायचे.

मला त्या गाडीचा राग होता. वय झालं की राग शिळा होतो म्हणतात. माझा झालेला नाही, नाहीतर हे लिहायला बसलेच नसते.

गाडी तशी साधीसुधी नव्हती. मिलमधला कुणी गोरा विव्हिंग मास्तर देश सोडून जाताना ती मागे ठेवून गेला होता. दोन माणसांची, वर कापडी टप, आणि मागची डिकी उलटी उघडली की तिच्यातून आणखी एक आसन बाहेर यायचं. अशी दुसरी गाडी अख्ख्या मुंबईत असेल-नसेल, असं जाणकार म्हणायचे. मिलच्या मागच्या गोदामात रद्दी सुताच्या गठ्ठ्यांखाली ती वर्षानुवर्षं पडून होती. बाबा मिलच्या वर्कशॉपात टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड-पितळेचे भाग कातणारे. जुने मॅनेजर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती गाडी कागदपत्रांसकट बाबांच्या नावावर करून दिली, कारण त्या गोदामात जाऊन तिच्यावरची धूळ पुसणारा तेवढा एकच माणूस त्यांनी पाहिला होता. खात्यातल्या लोकांनी ढकलत ढकलत ती चाळीत आणली. मी तेव्हा शाळेत होते आणि डिकीतल्या त्या आसनावर बसून सगळ्या गल्लीला हात हलवत आले होते. हेही सांगायला हवं, नाहीतर मी उगाच फार शहाणी वाटेन.

चाळीच्या मागच्या आवारात एक पत्र्याची शेड होती. तिथे गाडी राहिली. बाबा रविवारी तिच्याशी खुटखुट करायचे, लागेल तो भाग फोरमनला विचारून पाळी संपल्यावर मिलच्या लेथवर कातून आणायचे. तोवर कुणाला काही त्रास नव्हता. मग संप लागला.

महिनाभरात मिटेल असं सगळेच धरून चालले होते. बाबांनी तेवढ्या वेळात गाडी पूर्ण खोलायची ठरवली. "उघडली की पंधरा दिवसांत बंद करतो," ते म्हणाले. मिलमधली माणसं मशीन खोलण्याला उघडणं म्हणतात आणि जोडण्याला बंद करणं. त्यांनी गाडी उघडली. एकेक नट, एकेक स्प्रिंग डालड्याच्या डब्यांत घालून त्यावर ऑइलपेंटने आकडे घातले. आणि मग लक्षात आलं, की आतले पितळी बुश झिजलेत आणि नवे कातायला लेथ हवी, आणि लेथ तर बंद गेटाच्या आत. संप मिटेल तेव्हा कातू, असं म्हणून ते थांबले. संप मिटला असं कधी कुणी येऊन सांगितलं नाही. आमची मिल पुन्हा उघडलीच नाही. गाडी मात्र उघडी राहिली.

सहा वर्षं. त्या सहा वर्षांत मी फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटले, आईने पंधरा माणसांचे डबे सुरू केले, शेजारची निम्मी चाळ गावाला जाऊन आली किंवा आलीच नाही. बाबा सकाळी सातला आंघोळ करून, डबा घेऊन, शेडमध्ये जायचे. डबा घेऊन! जिना उतरून वीस पावलांवर. साडेतीनला हात धुऊन वर यायचे. दिवसभर तिथे काय करायचे तर घासलेलं परत घासायचे, आकडे घातलेलं परत मोजायचे. सोबतीला तळमजल्यावरचे एक म्हातारे विणकर काका असायचे. ते स्टुलावर बसून तंबाखू मळायचे आणि काही विचारलं तर हसायचे.

दादरच्या एका कारखान्यात टर्नर हवा होता. माझ्या ऑफिसातल्या शिपायाच्या ओळखीने मी ती नोकरी बाबांसाठी ठरवली. बाबा तीन दिवस कामाला गेले. चौथ्या दिवशी डबा घेऊन परत शेडमध्ये.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिथे माणसं न सांगता मशीन सोडतात," बाबा म्हणाले.

मला काही कळलं नाही. आईला कळलं. तिनेच मला सांगितलं. मिलमध्ये पाळी बदलताना जाणारा आणि येणारा दोघं मशीनपाशी उभे राहायचे. जाणाऱ्याने मशीनचं जे काही दुखत असेल ते सगळं सांगायचं, कुठे गरम होतंय, कुठे आवाज येतोय, कुठे हात घालायचा नाही. येणाऱ्याने ऐकायचं, मशीनला एकदा हात लावायचा आणि म्हणायचं, "घेतली." तो "घेतली" म्हणाला की मग जाणारा हात धुवायला जाणार, त्याआधी नाही. न सांगता सोडली तर पुढच्याचा हात जातो, कधी जीवही जातो. बाबा या बाबतीत इतके कडक की ताप असला तरी दुसऱ्या पाळीवाल्यासाठी थांबून राहायचे.

हे ऐकून माझ्या मनात आदर वगैरे दाटून आला असं नाही. मी म्हटलं, "म्हणजे घर माझ्या टायपिंगवर चालू दे, पण पद्धत मोडायला नको." आई डब्यांच्या पोळ्या लाटायला वळली. ती अशा वेळी पोळ्यांकडे वळायची याचाही मला राग यायचा.

मग चाळीच्या मालकाने शेड पाडायला काढली. त्याचा माणूस येऊन सांगून गेला, दिवाळीच्या आत जागा मोकळी करा, नाहीतर आम्ही मोकळी करू. चार दिवसांनी तो भंगारवाल्यालाच घेऊन आला. मी त्या दिवशी घरी होते. भंगारवाल्याने खिशातून छोटी हातोडी काढली आणि गाडीच्या पत्र्यावर ठिकठिकाणी टकटक करत फिरला, बाजारात नारळ वाजवून बघतात तसा. "कापावी लागेल," तो म्हणाला, "अख्खी टेम्पोत जाणार नाही." बाबा तिथेच कानस हातात घेऊन बसले होते. त्यांनी उठून त्या हातोडीच्या प्रत्येक खुणेवरून बोट फिरवलं, आणि त्या रात्री भात तसाच ठेवला.

तेव्हा मी ठरवलं. गाडी जाऊ दे, पण अख्खी जाऊ दे. गॅसने ती कापली जात असताना बाबांनी तिथे उभं राहून बघायचं, हे मी होऊ देणार नव्हते. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

ऑफिसातल्या एका बाईंना इंग्रजी चांगलं येत होतं. त्यांनी जाहिरात लिहून दिली. "मोडकी गाडी असं लिहिलंस तर भंगारवालेच येतील," त्या म्हणाल्या. "दुर्मीळ गाडी, रिस्टोरेशन अर्धवट, असं लिही. मग शौकीन येतील." मी घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं. विकायला त्यांनी हरकत घेतली नाही, हे मला नवलच वाटलं. फक्त म्हणाले, "अर्धवट कशाला? उघडलेली आहे म्हण."

शौकीन आले. पहिला ठाकूरद्वारचा एक गॅरेजवाला, सफारी सूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. गाडीभोवती एक चक्कर मारून तो एकदम खुशच झाला.

"काय माल आहे काका! एकदम झक्कास. महिनाभरात रोडवर आणतो बघा."

बाबा स्टुलावरून उठले. फडक्याला हात पुसले आणि गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. "ऐका हां," ते म्हणाले, आणि त्यांनी सुरुवात केली. गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या गिअरचा दात तुटलेला. रेडिएटर तीन ठिकाणी झाळलेला. मागच्या स्प्रिंगची दोन पानं दुसऱ्या गाडीची. वायरिंग सगळी उंदरांनी खाल्लेली. टपाची चौकट लाकडी, तिला वाळवी लागून गेलेली. मग पुढच्या ॲक्सलपाशी जाऊन ते खाली बसले आणि त्या माणसालाही खाली बसवलं. "इथे बघा. केसाएवढी चीर आहे. मी वेल्डिंग मारलंय, पण भरवसा नाय. वेगात चाक निघून जाईल. हा बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर घ्यायची नाय."

गॅरेजवाला उठला तेव्हा त्याच्या सफारीच्या गुडघ्याला ग्रीस लागलं होतं. "सोचके बोलतो," असं म्हणून गेला तो गेलाच.

"बाबा, तुम्ही गाडी विकताय की तिची तक्रार नोंदवताय?" मी शेडमध्येच ओरडले.

"त्याला सांगायला नको?"

"त्याने विचारलं का?"

"विचारल्यावर सांगतात काय गो?" त्यांना खरोखरच माझा प्रश्न समजला नव्हता.

दुसरा आला तो शूटिंगला जुन्या गाड्या पुरवणारा होता. त्याला गाडी चालायलाही नको होती. "नुसती दिसायला पाहिजे, चाचा. ढलान पे छोड देंगे, बस." मला वाटलं, आता तरी सुटलो. या माणसाला दोषांचं काय घेणं आहे? बाबांनी त्यालाही डाव्या बाजूला उभं केलं आणि पहिल्या दातापासून सुरुवात केली. उताराचं ऐकल्यावर तर ते चिरेवर अर्धा तास बोलले. "उतारावर सोडाल तर आत बसलेल्याची जबाबदारी कुणाची?" त्या माणसाने हात जोडले आणि तो चहा न घेता निघून गेला. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. विणकर काका तंबाखू मळत हसले आणि मी त्यांच्यावरही खेकसले.

आठ दिवस उरले. मालकाच्या माणसाने शेडच्या खांबांवर चुन्याने फुल्या मारून ठेवल्या होत्या.

तेव्हा माटुंग्याच्या एका डॉक्टरांचा ऑफिसात फोन आला. आवाज शांत, भाषा अगदी पुस्तकी. लहानपणी त्यांच्या काकांकडे अशीच गाडी होती, डिकीतल्या आसनावर बसून ते जुहूला जात. "पुन्हा एकदा तिच्यात बसायचं आहे, एवढंच," ते म्हणाले. "आता निवृत्त झालोय. नीट करून घेईन आणि लोणावळ्यापर्यंत स्वतः चालवत नेईन." मी फोन ठेवला आणि तिथेच ठरवलं, की या माणसाला बाबा भेटता कामा नयेत.

माझी आत्या फणसवाडीत राहायची. मी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिने बाबांना निरोप धाडला, शिलाई मशीन अडकलंय, येऊन बघून जा. मशीन ठणठणीत होतं. पण दुरुस्तीला बोलावलं आणि बाबा गेले नाहीत असं जन्मात झालं नव्हतं. शनिवारी सकाळी ते तेलाची बुधली आणि स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत घालून निघाले. जाताना म्हणाले, "कोण आला तर थांबवून ठेव. मी दुपारपर्यंत येतो."

"हो," मी म्हटलं.

अकराला डॉक्टर ट्रक आणि चार हमाल घेऊन आले. उंच, पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट. शेडच्या दारात ते थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी डिकीच्या झाकणावर हात ठेवला आणि चष्मा काढून पुसला. मला ते आवडले, आणि त्यामुळे पुढचं आणखी वाईट वाटतं.

सगळी चाळ कामाला लागली. खाटेखालून चाक निघालं, पोटमाळ्यावरून दिवे उतरले, डालड्याचे डबे एका हातातून दुसऱ्या हातात जात ट्रकवर चढले. भाव घासाघीस न करता ठरला. मी घाईघाईने पावती लिहिली, त्यावर त्यांनी सही केली, पत्ता लिहिला.

"मला काही सांगायला हवं का गाडीविषयी?" डॉक्टरांनी विचारलं. "तुमच्या वडिलांना भेटता आलं असतं तर बरं झालं असतं."

विणकर काका माझ्याकडे बघत होते.

"डब्यांवर सगळं लिहिलंय," मी म्हणाले. "दुसरं काही नाही."

काकांनी मान फिरवली. त्या दिवशी ते हसले नाहीत. ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला आणि मला हलकं हलकं वाटलं. सहा वर्षांनी कुणीतरी माझ्या खांद्यावरचं ओझं काढून घेतलं होतं. मी वर जाऊन चहा केला आणि दोन कप प्यायले.

बाबा दोनला आले. रिकामी शेड बघून रागावतील, रडतील, माझ्याशी बोलणं टाकतील, या सगळ्याची मी तयारी करून ठेवली होती. शेडच्या मध्यभागी विटांचा ढीग तेवढा उरला होता. त्याच्याकडे बघून बाबांनी पिशवी खाली ठेवली.

"अख्खी गेली?"

"अख्खी गेली. डॉक्टर आहेत. चांगला माणूस आहे."

"बरं झालं." त्यांना खरंच बरं वाटल्याचं चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, "सांगून दिलीस मां?"

"दिली."

"गिअरच्या दाताचं?"

"हो."

"ॲक्सलच्या चिरेचं?"

"सांगितलं की."

"मग त्यांनी काय विचारलं?"

"काही नाही."

"चाक निघून जाईल असं सांगितल्यावर माणूस काहीच विचारीत नाय?"

मी खूप ओरडले त्या दिवशी. गॅलरीत बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, सहा वर्षं हे घर कोण चालवतंय. मी म्हटलं, तुमची मिल मेली, तुमची पाळी मेली, आता कोण कुणाला काय सांगणार आहे. मी म्हटलं, त्या भंगारवाल्याने तुमच्यासमोर गाडी कापली असती ते चाललं असतं का. प्रत्येक शब्द खरा होता आणि एकही शब्द त्यांना लागू पडत नव्हता. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "पावतीवर पत्ता असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघाले. डबा घेतला नाही. मीही पायांत चपला घातल्या, का ते मला सांगता येणार नाही. कदाचित ते तिथे माझं नाक कापताना मी तिथे असायला हवं असं वाटलं असेल. माटुंग्याच्या बसची तिकिटं मी काढली.

डॉक्टरांच्या इमारतीच्या मागे गॅरेज होतं. गाडी आत होती, डबे आकड्यांप्रमाणे एका ओळीत लावलेले. डॉक्टर हसत बाहेर आले. "तुम्ही स्वतः आलात! या, या."

बाबांनी नमस्कार केला आणि सरळ गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. "ऐका हां," ते म्हणाले.

पाऊण तास लागला. दात, रेडिएटर, स्प्रिंग, वायर, वाळवी. डॉक्टर आधी हसून मान हलवत होते, मग हसणं गेलं, मग ते घरातून कागद आणून लिहून घ्यायला लागले. चिरेपाशी बाबा खाली बसले. डॉक्टरही त्यांच्या इस्त्रीच्या पँटनिशी खाली बसले. बाबांनी त्यांचं बोट धरून वेल्डिंगवरून फिरवलं.

डॉक्टर उठले तेव्हा त्यांनी बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "हे काल तुम्हाला माहीत होतं?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "काल मी नव्हतो. सांगायचं काम माझं, तिचं नाय. गाडी परत हवी असेल तर नेतो आम्ही."

कुठे नेणार होतो? शेडचे पत्रे त्याच सकाळी उतरवायला घेतले होते, आम्ही निघालो तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मीही मान हलवली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेतही मला बाबांचा रागच येत होता. त्यांनी मला वाचवायला नको होतं.

डॉक्टरांनी लिहून घेतलेला कागद एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. "राहू द्या," ते म्हणाले. "ॲक्सल नवा बनवून घेतो. तोवर इथून हलवणार नाही. तुम्ही आलात ते बरं केलंत. चहा घ्या."

बाबा जागचे हलले नाहीत.

"बसा ना," डॉक्टर म्हणाले.

बाबा उभेच. हात पुढे धरलेले, ग्रीस लागलेले, डोळे डॉक्टरांवर. डॉक्टरांना वाटलं यांना आणखी काहीतरी हवंय. ते गोंधळले, त्यांचा हात खिशाकडे जाऊ लागला. त्यांनी पाकीट काढलं असतं तर मी तिथे जमिनीत गेले असते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "तिला एकदा हात लावा. आणि 'घेतली' म्हणा."

"म्हणजे?"

"नुसतं म्हणा. त्याशिवाय ते हात धुणार नाहीत."

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी पुढे होऊन बॉनेटच्या जागी असलेल्या रिकाम्या चौकटीवर हात ठेवला. "घेतली," ते म्हणाले.

बाबांनी मान हलवली आणि कोपऱ्यातल्या नळाकडे गेले. साबण मागून घेतला, कोपरापर्यंत हात धुतले, सदऱ्यालाच पुसले. चहा घेतला. निघताना गाडीकडे मागे वळून बघितलं नाही. सहा वर्षं ज्या गाडीपासून त्यांना हलवता आलं नव्हतं तिच्याकडे एकदाही नाही. मला वाटलं होतं त्यांचा जीव त्या गाडीत आहे. तसं नव्हतंच, आणि हे मला इतक्या उशिरा कळावं याची चीड आली.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. खिडकीशी बाबा, शेजारी मी. हिंदमाता मागे पडलं. परळला आमच्या मिलची भिंत सुरू झाली तशी बस थांबली. गेटातून एक ट्रक मागे-पुढे होत बाहेर निघत होता. वर ताडपत्री, ताडपत्रीखाली मशिनींचे उंचवटे, मागच्या फळीतून एक लोखंडी पाय बाहेर आलेला. असे ट्रक गेले काही महिने जात होते. कुणी थांबून बघेनासं झालं होतं.

"माझ्या लेथचा चक सैल होता," बाबा म्हणाले.

"काय?"

"काम पकडतो तो चक. एका बाजूने सुटत होता. जरा जोर लावला की लोखंड उडून थेट तोंडावर येणार." ते खिडकीबाहेरच बघत होते. "संप लागला त्या दिवशी पहिल्या पाळीला मीच होतो. म्हटलं, दुसऱ्या पाळीवाला येईल त्याला सांगू नि मग निघू. थांबलो. तो गेटाबाहेरच होता सगळ्यांबरोबर. आत आलाच नाय. मग वॉचमन येऊन म्हणाला, तू एकटा काय करतोस, चल बाहेर."

सहा वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. मी नंतर विचारलं तिला.

"चार दिवसांनी कामावर जाऊन सांगू, असं वाटलं," ते म्हणाले.

माझा आवाज चढलाच, सवयीने. "बाबा, आता काय त्याचं? मिल बंद. मशिनी विकल्या सगळ्या. जातायत त्या दिसत नाहीत का तुम्हाला?"

"तेच म्हणतोय मी." ते माझ्याकडे वळले. "कोणीतरी घेतली असेल मां ती लेथ. त्याला कोण सांगणार गो?"

बाबांना सुनावायला माझ्याकडे कायम काहीतरी असायचं. ट्रक वळून भायखळ्याच्या दिशेला लागला, बस सुटली, भिंत संपली, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी शिकलेली होते, ऑफिसात जात होते, मला ठाऊक असेल अशा आशेने. मी रागावण्यासाठी माणूस शोधत होते, आणि त्या बसमध्ये मला एकही सापडला नाही.